मोटारींची शर्यत आणि पन्नास रुपयांची तबकडी

गेल्या दिवाळींत माझा मुलगा चार दिवस घरीं आला होता. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीं दुपारीं त्याला काय सुचलें कोण जाणे, त्यानें माळ्यावरचें एक जुनें खोकें खालीं काढलें. खोक्यांत त्याच्या शाळेंतल्या वह्या, एक मोडका कीबोर्ड आणि वीस-पंचवीस सीड्या निघाल्या. त्यांतल्या दोन त्यानें बाजूस ठेवल्या. एक पांढऱ्या कागदी पाकिटांतली. तिच्यावर काळ्या मार्करनें 'मोस्ट वाँटेड' एवढेच दोन शब्द लिहिलेले. दुसरी प्लास्टिकच्या नीटस डबींत, रंगीत वेष्टणासह. पहिली त्यानें नववींत असतांना पन्नास रुपयांस घेतली होती. दुसरी २०१४ सालीं, नोकरीच्या पहिल्या पगारांतून, पुरते पैसे मोजून. दोहोंवर खेळ एकच. हल्लींच्या लॅपटॉपला तबकडी घालण्याची खांचच नसते, म्हणून शेजारच्यांकडून बाहेरून जोडावयाचा ड्राइव्ह मागून आणला. प्रथम पैसे मोजलेली तबकडी घातली. खेळ संगणकांत बसला, परंतु सुरू होईना. मग पन्नास रुपयांची घातली. ती तत्काळ सुरू झाली.

मुलगा हंसून म्हणाला, "बाबा, आतां सांगा, यांतली खरी कोणती?"

मी तेव्हां चहा आणावयास आंत गेलों. प्रश्न मात्र माझ्याबरोबर राहिला. आणि ज्या घरांत पंधरा-वीस वर्षांपूर्वीं वाढत्या वयाचीं मुलें होतीं, त्या प्रत्येक घरांत अशी एखादी मार्करनें नांव लिहिलेली तबकडी माळ्यावर असणारच, असें वाटल्यावरून आज त्याविषयीं बोलावयाचें योजिलें आहे.

प्रथम खेळ काय तें सांगितलें पाहिजे, कारण माझ्या वयाच्या श्रोत्यांनीं तो पाठीमागून, म्हणजे मुलाच्या खुर्चीच्या पाठीमागून, ओरडतांनाच पाहिला असेल. 'नीड फॉर स्पीड' या नांवाची मोटार-शर्यतींच्या खेळांची एक मालिकाच आहे; तिचा पहिला खेळ १९९४ सालचा. २००३ आणि २००४ मध्यें 'अंडरग्राउंड' या नांवानें तिचे दोन भाग आले, ते रात्रीच्या झगमगत्या रस्त्यांवरच्या चोरट्या शर्यतींचे. त्यानंतर नोव्हेंबर २००५ मध्यें 'मोस्ट वाँटेड' आला. कॅनडांतील व्हँकूव्हर शहरीं 'ब्लॅक बॉक्स' या नांवाची एक कार्यशाळा होती. तिनें तो रचला व 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स' या अमेरिकन कंपनीनें तो प्रसिद्ध केला. येथें रात्र नाहीं. पावसानें ओले झालेले रस्ते, गळणारीं पानें आणि तिरपें पिवळें ऊन, असा शरदऋतु त्या शहरांत कायमचा मुक्कामास आहे. शहराचें नांव रॉकपोर्ट. तें पृथ्वीच्या पाठीवर कोठेंही नाहीं. तरी माझ्या वर्गांतीं जीं मुलें नकाशांत नागपूर दाखवतांना अडखळत, तीं रॉकपोर्टचा नकाशा वहीच्या मागच्या पानावर न चुकतां काढीत. हें मीं स्वतः पाहिलें आहे, आणि त्या नकाशांस मनांतल्या मनांत गुणही दिले आहेत.

कथा अशी कीं, त्या शहरांत पंधरा बेफाम मोटार हांकणाऱ्यांची एक काळी यादी आहे. पंधराव्यापासून आरंभ करून एकेकाला हरवीत पहिल्यापर्यंत चढावयाचें. पहिल्याचें नांव रेझर. त्यानें आरंभींच कपटानें नायकाची गाडी बळकावलेली असते. रुपेरी अंगावर निळे पट्टे असलेली ती बीएम्‌डब्ल्यू एम्‌-तीन जीटीआर. ही गाडी मात्र काल्पनिक नव्हे. त्या कंपनीनें २००१ सालीं अमेरिकेंतील शर्यतींकरितां आठ सिलिंडरांचें इंजिन घालून ती प्रत्यक्ष उतरविली होती. नायकाच्या हातीं प्रथम फियाट पुंटो किंवा फोक्सवॅगन गोल्फ यांसारखी साधी गाडी येते, आणि तेथून वर चढावयाचें असतें.

परंतु केवळ शर्यत जिंकून भागत नाहीं, आणि येथेंच या खेळाचें वेड दडलें आहे. यादींतल्या पुढच्या इसमास आव्हान देण्याचा अधिकार मिळवावयाचा तर पोलिसांनीं आपला पाठलाग करावा लागतो. आधीं एखादी गस्तीची गाडी मागें लागते. तिला हुलकावणी दिली कीं दोन येतात, मग चार. पुढें रस्ते अडवितात, टायर फाडणाऱ्या खिळ्यांच्या पट्ट्या अंथरतात, वर हेलिकॉप्टर घिरट्या घालूं लागतें. पाण्याची टाकी, पेट्रोलपंपाचें छप्पर, दुकानावरची भली मोठी गोड वड्याची पाटी अशा वस्तूंना धडक देऊन त्या पाठलागावरील गाड्यांवर पाडतां येतात. अखेर कोठें तरी आडोशाला गाडी लपवून, इंजिनाचा आवाजसुद्धां न करतां श्वास रोखून बसावयाचें. पाठलागांत सरकारचें किती डॉलरांचें नुकसान झालें याचा आंकडा पडद्यावर चढत असतो, आणि तो जितका मोठा तितकी खेळाडूची पत मोठी! पस्तीस वर्षें नागरिकशास्त्र शिकविलेल्या माणसास हें पाहून काय वाटलें असेल, याची कल्पना श्रोत्यांनीं करावी. पण खरें सांगावयाचें तर मुलाच्या खुर्चीमागें उभा राहून तो पाठलाग पाहतांना मीही एकदां श्वास रोखून धरला होता, आणि त्याची आई विचारीत होती कीं घरांत एवढी शांतता कशाची?

हा खेळ आमच्या घरीं आला कसा, याची हकीगत खेळाइतकीच रंजक आहे. त्या सुमारास हप्त्यांवर संगणक घेतलेल्या घरांत खेळाकरितां हजार रुपये मोजावेत, ही कल्पनाच कोणाच्या डोक्यांत येत नसे. आमच्या पेठेंत एका जिन्याखालीं खणाएवढें दुकान होतें. दुकानदारापाशीं एक फाटकी वही असे; तींत खेळांचीं नांवें टंकलिखित. मुलानें नांवावर बोट ठेवावें, दुकानदारानें "उद्यां ये" म्हणावें, आणि दुसऱ्या दिवशीं पांढरें पाकीट मिळावें. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर हेंच पदपथावर उघड चाले. ज्यांच्या घरीं संगणक नव्हता तीं मुलें सायबर-कॅफेंत तासाला वीस रुपये देऊन बसत. तेथील कीबोर्डांवर बाणांच्या चार कळांवरचीं चिन्हें पार झिजून गेलेलीं असत.

आतां या खेळाला संगणकांत सुमारें ३ गिगाबाइट जागा लागे, आणि साध्या सीडींत ७०० मेगाबाइट मावतात. मग तो एका सीडींत कसा बसला? तर कापून. खेळांतले चित्रपट काढून टाकावयाचे, गाणीं काढून टाकावयाचीं, उरलेलें दाबून बसवावयाचें. या कापीव आवृत्तीला 'रिप' म्हणत. तिचा एक मौजेचा परिणाम झाला. नायकाची गाडी रेझरनें कशी बिघडविली हें सांगणारा भाग चित्रपटांत होता, आणि चित्रपट कापलेला. त्यामुळें आमच्या वर्गांतल्या मुलांना नायकाची गाडी ऐन शर्यतींत बंद कां पडते हें ठाऊकच नव्हतें. त्यावर मधल्या सुट्टींत वाद चालत. एकाचें मत पेट्रोल संपलें. दुसऱ्याचें, पेट्रोलांत रॉकेल मिसळलें होतें. एकानें तर नायकाला एक थोरला भाऊ बहाल केला होता, व गाडी मुळांत त्या भावाची ठरविली होती. माझ्या मुलाला खरें कारण कळलें तें आठ वर्षांनीं, विकतची तबकडी घेतल्यावर. तो म्हणतो कीं रॉकेलाची कथाच अधिक बरी होती.

कापणें सोपें, कुलूप काढणें अवघड. विकतच्या तबकडीला 'सेफडिस्क' नांवाचें कुलूप असे. तें मॅक्रोव्हिजन या कंपनीचें. त्याची युक्ति अशी: छापतांनाच मूळ तबकडीवर कांहीं जागीं मुद्दाम चुका करून ठेवावयाच्या. घरगुती यंत्रानें नक्कल केली तर तीं सदोष ठिकाणें हुबेहूब उतरत नाहींत, कारण नक्कल करणारें यंत्र त्या चुका आपल्या परीनें सुधारूं पाहतें किंवा गाळतें. खेळ सुरू होतांना प्रथम त्या चुका शोधतो. सांपडल्या तर तबकडी अस्सल, न सांपडल्या तर नकली. विद्यार्थ्याच्या वहींतल्या विशिष्ट चुकांवरून अक्षर त्याचेंच आहे हें आम्ही मास्तर ओळखतों, त्यांतलाच हा प्रकार. शिवाय खेळाची मुख्य फाइल सांकेतिक लिपींत गुंडाळलेली असे. कुलूप तोडणारे ती गुंडाळी सोडवीत, चुका शोधणारा भाग निकामी करीत, आणि अशी मोकळी केलेली फाइल तबकडीवर 'क्रॅक' नांवाच्या कप्प्यांत ठेवून देत. ती उचलून मूळ फाइलीच्या जागीं ठेवावी, अशी सूचना सोबत इंग्रजींत असे. इंग्रजींत नापास होणारीं मुलें ती सूचना बिनचूक वाचीत आणि पाळीत.

याशिवाय खेळाचा एक क्रमांक टंकावा लागे. क्रमांक खरा कीं खोटा हें संगणक एका गणिती नियमानें ठरवी. तो नियम उलगडून खरे ठरतील असे क्रमांक पाडून देणारे चिमुकले प्रोग्राम हिंडत असत. तो प्रोग्राम उघडतांच एक किणकिणतें, खेळण्यांतल्या पेटीसारखें संगीत वाजूं लागे. आमच्या घरांत कित्येक दिवस तें संगीत ऐकूं येई, आणि तें कसलें हें मला पुष्कळ उशिरां कळलें. हें सर्व करणारे लोक दुकानदार नव्हते. युरोप-अमेरिकेंतील तरुणांच्या त्या टोळ्या होत्या; त्यांतली एक प्रसिद्ध टोळी १९८५ सालीं नॉर्वेंत, कमोडोर नांवाच्या जुन्या संगणकावर खेळणाऱ्या मुलांनीं काढलेली. त्यांना पैसा नको होता, कुलूप प्रथम कोणी तोडलें याचा मान हवा होता. आपल्या करामतीच्या आरंभीं ते स्वतःचें नांव, हलतीं चित्रें आणि तें संगीत जोडीत. त्यांतून पुढें चित्र-संगीताची एक स्वतंत्र कलाच निपजली; फिनलंडनें २०२० सालीं आणि जर्मनीनें २०२१ सालीं ती आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादींत घातली. दुसऱ्या बाजूस डिसेंबर २००१ मध्यें अमेरिकन सरकारनें इतर देशांच्या मदतीनें अशा टोळ्यांवर छापे घालून पुष्कळांना तुरुंग दाखविला. एकाच झाडाचीं हीं दोन फळें. पैसे मात्र मिळाले ते आमच्या जिन्याखालच्या दुकानदाराला, ज्याला कुलपांतलें कांहींच कळत नव्हतें.

याला मराठींत चाचेगिरी म्हणतात. कोंकणच्या लोकांना तो शब्द थोडा बोंचतो, कारण इंग्रजांनीं आपल्या कागदांत कान्होजी आंग्र्यांनाही चांचाच म्हटलें, आणि ते तर मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल. मुलाच्या एका मित्रानें हा दाखला माझ्यापुढें टाकला होता. मीं त्याला सांगितलें कीं कान्होजी आपल्या समुद्रावर दस्तक मागत होते; तूं व्हँकूव्हरच्या माणसांकडून कसला दस्तक मागतोस?

कायद्यापुरतें बोलावयाचें तर संशयास जागा नाहीं. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ सालचा. १९८४ च्या दुरुस्तीनें संगणकाचा प्रोग्राम 'वाङ्मयकृति' या सदरांत घातला गेला. श्रोत्यांतील साहित्यिकांनीं रागावूं नये, पण कायद्याच्या दृष्टीनें रॉकपोर्टचा पाठलाग आणि एखादी कादंबरी एकाच फळीवर आहेत. पुढें १९९४ च्या दुरुस्तीनें, जाणूनबुजून नकली प्रोग्राम नुसता वापरणाऱ्यालाही शिक्षा ठरली: ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड. वापर नफ्याकरितां वा व्यापाराकरितां नसेल तर न्यायालयाला कैद न देतां ५० हजारांपर्यंतच्या दंडावर भागवितां येतें. म्हणजे नववींतला माझा मुलगा पन्नास रुपयांत केवढी जोखीम घेऊन आला होता! आणि तो एकटाच होता काय?

येथें मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. २००७ च्या सुमारास आमच्या शाळेंत एका देणगीदाराच्या कृपेनें दहा संगणक आले. संगणकांना पैसे होते, त्यांत घालावयाच्या प्रोग्रामांना नव्हते. एक तरुण तंत्रज्ञ आला आणि त्यानें एकच विंडोजची तबकडी दहाही यंत्रांत फिरविली; मराठी टंकही तसेच कोठून तरी आणून घातले. खोली माझ्या ताब्यांत होती, नोंदवहींत सही माझी होती, आणि सर्व ठीक आहे असा शेराही माझाच होता. त्याच टंकांत मी प्रश्नपत्रिका छापीत असें. त्या वर्षीं सातवींतल्या एका मुलाच्या दप्तरांत चार पांढरीं पाकिटें सांपडलीं. तो तीं वर्गांत विकत होता. मीं तीं जप्त केलीं आणि दुसऱ्याच्या कष्टाची चोरी या विषयावर भर वर्गांत अर्धा तास बोललों. बोलणें चांगलें वठलें असें मला वाटत होतें. तो मुलगा खालीं मान घालून ऐकत होता. मी थांबल्यावर त्यानें मान वर केली आणि विचारलें, "सर, आपल्या कॉम्प्युटरच्या खोलींतलें विंडोज विकत घेतलेलें आहे का?"

त्याच्या स्वरांत उर्मटपणा नव्हता. त्याला खरोखरच माहिती हवी होती. मीं त्याला वर्गाबाहेर उभें केलें.

त्या मुलाची आणि माझी पुढें पुष्कळ वर्षांनीं गांठ पडली. आतां तो प्रोग्राम लिहिण्याचीच नोकरी करतो. मीं त्या दिवसाची आठवण काढली, क्षमा मागावी असेंही मनांत होतें. त्याला तो प्रश्न आठवतच नव्हता. वर्गाबाहेर मीं त्याला इतक्या वेळां उभें केलें होतें कीं त्यांतला हा प्रसंग कोणता, हें त्याला उमजेना. आठवत होतीं तीं पाकिटें. "सर, माझ्या त्या चार सीड्या अजून आहेत का तुमच्याकडे?" असें त्यानें विचारलें. त्या निवृत्तीच्या वेळीं कपाट रिकामें करतांना रद्दींत गेल्या होत्या.

आम्हीं हें कां केलें, याला गरिबी हें एक उत्तर आहे आणि तें खोटें नाहीं. पण तें पुरें नाहीं. ज्यांना परवडत होतें त्यांनींही केलें. जी वस्तु हातांत धरतां येत नाहीं तिला किंमत नसते, असा आम्हां मध्यमवर्गीयांचा एक जुना समज आहे. भाजीवाल्याचे दोन रुपये चुकले तर आम्ही परत जाऊन देतों, आणि मराठी लेखकाची नवी कादंबरी पीडीएफ करून नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप-समूहावर पाठवितांना, केवढा ज्ञानप्रसार केला या समाधानांत असतों. त्या काळीं आपल्याकडचा एखादा हुशार तरुण स्वतः खेळ रचून विकावयास निघाला असता, तर त्याच्या डबीशेजारीं जगांतला उत्तमांतला उत्तम खेळ पन्नास रुपयांत मांडलेला असे. त्याची डबी कोण घेणार होतें? व्हँकूव्हरच्या नुकसानीपेक्षां हें नुकसान मला मोठें वाटतें, आणि त्याचा आंकडा कोणत्याही पडद्यावर चढला नाहीं.

परंतु या हिशेबाला दुसरी बाजू आहे, आणि तीच गेल्या दिवाळींत आमच्या घरीं पाहावयास मिळाली. पैसे मोजलेली तबकडी चालली नाहीं, ती बिघडली म्हणून नव्हे. सेफडिस्कच्या कुलपाला विंडोजमधल्या एका जोडप्रोग्रामाचा आधार लागे. त्यांत सुरक्षिततेच्या दृष्टीनें दोष होते, म्हणून २०१५ सालीं निघालेल्या विंडोज-१० मध्यें त्याला थाराच मिळाला नाहीं, आणि त्याच वर्षीं सप्टेंबरांत जुन्या विंडोजमध्येंही तो बंद करण्यांत आला. कुलूप राहिलें, किल्ली फिरविणारा गेला. ज्यानें पैसे दिले तो दाराबाहेर, आणि ज्यानें कडी उचकटली तो आंत! ब्लॅक बॉक्स ही कार्यशाळा २०१३ मध्यें बंद झाली. त्याच नांवाचा २०१२ सालचा एक निराळा खेळ आहे, दुसऱ्या कार्यशाळेचा; पण २००५ चा हा खेळ पीसीकरितां आजच्या ऑनलाइन दुकानांत विकावयास ठेवलेला नाहीं. एखाद्या प्रामाणिक माणसानें आज पैसे हातांत घेऊन शोधलें, तर त्याला कोणाची तरी जुनी डबी गांठावी लागेल, आणि ती चालणार नाहीं. पुस्तक छापणाऱ्यानें आवृत्ति संपल्यावर पुन्हां छापलें नाहीं, तरी ग्रंथालयांतली प्रत वाचतां येते. तिच्या पानांना प्रकाशकाचें कुलूप नसतें. आज हा खेळ जेथें जेथें चालतो, तेथें तो बहुतेक त्या कडी उचकटणाऱ्यांच्या कृपेनें चालतो. मला हें आवडत नाहीं. पण तें तसें आहे.

संध्याकाळीं मुलानें मला पुन्हां तोच प्रश्न विचारला. मीं सांगितलें, "खरी डबींतली, चालती पाकिटांतली." त्याचें समाधान झालें नाहीं. मग तो म्हणाला, "तें राहूं द्या, तुम्ही एकदां चालवून पाहा." इतक्या वर्षांत मी त्या खुर्चीच्या मागें उभा राहिलों होतों, तीवर बसलों नव्हतों. त्यानें बाणांच्या कळा दाखविल्या. तेंच पिवळें ऊन, तेच ओले रस्ते. मी कडेकडेनें, बेतानें जात होतों; एका वळणावर एका उभ्या गाडीला घांसलों, आणि मागें भोंगा वाजूं लागला. सून दारांत येऊन उभी राहिली. मुलगा ओरडत होता, "दाबा बाबा, पुढची कळ दाबा!" दोन मिनिटांच्या आंत चारही बाजूंनीं पोलिसांच्या गाड्या लागल्या आणि पडद्यावर पकडल्याची सूचना झळकली.

"तुम्हीं गाडी थांबविलीत कां?" त्यानें विचारलें.

मीं म्हटलें, "अरे, मागें पोलीस होते."